कणकेचा आवाज

चीनमधल्या शिआन शहरातली ती खाणावळ मला दिसण्याआधी ऐकू आली. ऑक्टोबर सरत आला होता, हवेत कोरडा गारठा उतरला होता आणि दक्षिण वेशीच्या आतल्या अंगाला, जुन्या तटबंदीच्या सावलीतल्या एका बोळातून मी मुक्कामाच्या घराकडे चालले होते. नदीकाठी कुणी धुणे आपटावे तसा, पण त्याहून भरीव असा एक आवाज ठरावीक अंतराने कानांवर येत होता. धप्प. मग थोडी शांतता. पुन्हा धप्प. वळणावर पोहोचल्यावर दिसले की एका उघड्या दाराशी, वाफाळत्या मोठ्या पातेल्याशेजारी उभ्या असलेल्या पन्नाशीच्या एक बाई कणकेची पट्टी दोन्ही टोकांना धरून लाकडी फळीवर आपटत होत्या आणि प्रत्येक आपटण्यासरशी ती पट्टी वीतभर वाढत होती. मी थांबले. जळगावकडच्या मुलीला कणीक ताणणारे हात दिसले की थांबावेच लागते.

कंपनीच्या कामासाठी मी सात महिने त्या शहरात राहणार होते. तोवर ‘नूडल्स’ या शब्दाने माझ्या डोळ्यांसमोर जे येई, ते कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवरचे होते: मोठ्या आचेवर कोबी, गाजर आणि सॉसबरोबर परतलेले पिवळट, एकसारखे धागे. ते मी आवडीने खात मोठी झाले आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात आजही मायाच आहे. पण त्या पदार्थात सगळी चव वरून घातलेल्या गोष्टींची असते आणि नूडल्सचे काम ती चव तोंडापर्यंत नेण्याचे असते. उत्तर चीनमध्ये हे नाते उलटे आहे, हे कळायला मला त्या बोळातला पहिला वाडगा पुरला. ते नीट उमगायला मात्र पुढचे सात महिने लागले.

आत सहा बुटकी टेबले होती, त्यांभोवती प्लॅस्टिकची स्टुले होती आणि प्रत्येक टेबलावर काळ्या व्हिनेगरची बाटली, तिखटाचा डबा आणि न सोललेल्या लसणाच्या कुड्यांची वाटी ठेवलेली होती. भिंतीवरच्या फलकावर बारा-पंधरा ओळी होत्या. त्यांतल्या सर्वांत वरच्या ओळीत एक अक्षर शेजारी शेजारी दोनदा काढलेले होते आणि ते इतके गच्च भरलेले होते की दुरून ते मला शाईचा डाग वाटले. ते ‘बियांग’ हे अक्षर. पन्नासहून अधिक रेघांच्या त्या एका अक्षरात घोडा आहे, चंद्र आहे, हृदय आहे, बोलणे आहे, सुरी आहे, दोन ठिकाणी ‘लांब’ आहे आणि या सगळ्यांवर एक छप्पर आहे. ते लिहायला लक्षात राहावे म्हणून तिथल्या मुलांना एक यमकबद्ध कवन पाठ असते. कित्येक वर्षे हे अक्षर कोशांतही सापडत नसे आणि संगणकावरही उमटत नसे. युनिकोडमध्ये त्याला २०२० साली जागा मिळाली, तोवर दुकानदार पाटीवर ते हाताने रंगवत किंवा त्याचे चित्र चिकटवत. आणि अर्थ? कणीक फळीवर आपटल्याचा आवाज, असे तिथले लोक सांगतात. एका आवाजासाठी एवढे मोठे अक्षर घडवणाऱ्या माणसांना तो आवाज किती जवळचा असेल, याचा विचार मी नंतर अनेकदा केला.

माझे तोडके चिनी ऐकून बाईंनी एकच प्रश्न विचारला: रुंद की बारीक? आणि शब्द मला कळला नसेल असे वाटून त्यांनी आधी तीन बोटे जोडून दाखवली आणि मग करंगळी. मी तीन बोटांवर बोट ठेवले.

पुढची पाच-सात मिनिटे मी त्यांच्या हातांकडे पाहत राहिले. एका परातीत बोटभर लांबीचे, तेल माखलेले कणकेचे उंडे एकाला एक लावून झाकून ठेवले होते. त्यांतला एक उचलून त्यांनी तळहाताने दाबून चपटा केला, बारीक लाटण्याने त्याच्या मध्यावर लांबीच्या दिशेने एक खाच पाडली, दोन्ही टोके चिमटीत धरली आणि हात अलगद बाजूला नेले. पट्टी आपल्याच वजनाने मध्ये लोंबू लागताच मनगटांना झटका देऊन त्यांनी तिचे पोट फळीवर आपटले. तीन-चार आपटण्यांत ती त्यांच्या पसरलेल्या हातांएवढी लांब झाली. मग मधल्या खाचेत बोट घालून त्यांनी ती उभी फाडत नेली, टोके मात्र जोडलेलीच ठेवली, त्यामुळे पट्टीचे एक मोठे वर्तुळ झाले आणि ते तसेच उकळत्या पाण्यात गेले. पाणी उतू येऊ लागले की त्या त्यात थंड पाण्याचा एक ओगराळा टाकत, पुन्हा उकळी येऊ देत, पुन्हा थंड पाणी. शेवटच्या उकळीला त्याच पाण्यात हिरव्या पाल्याची मूठ आणि मोड आलेली कडधान्ये पडली.

वाडग्याच्या तळाशी सोया सॉस, व्हिनेगर आणि मीठ होते. त्यावर पट्ट्या, पट्ट्यांवर पाला, आणि सगळ्यांत वर कोरडे लाल तिखट, ठेचलेला कच्चा लसूण आणि कांद्याच्या पातीचा हिरवा ढीग. मग त्यांनी शेगडीवरच्या कढल्यातले धुरावलेले तेल पळीत घेतले आणि त्या ढिगावर ओतले.

चर्रर्र.

तो आवाज आणि त्यापाठोपाठ नाकात शिरलेला जळत्या लसणाचा आणि तिखटाचा वास यांनी मला क्षणात आमच्या स्वयंपाकघरात नेऊन उभे केले. वरून फोडणी! गोळाभातावर, मुगाच्या खिचडीवर, कोरड्या तिखटाच्या चटणीवर आपण कडकडीत तेल ओततो तेव्हा जे घडते, तेच इथे घडत होते. शिआनच्या प्रांतात या पदार्थाला ‘यौपो म्येन’ म्हणतात. यौ म्हणजे तेल, पो म्हणजे वरून ओतणे, म्येन म्हणजे नूडल्स. तिथल्या मिरच्या लांब, सुरकुतलेल्या असतात आणि त्यांच्यात तिखटपणापेक्षा रंग आणि वास अधिक असतो, आपल्या ब्याडगीसारखा. त्यामुळे वाडगा दिसतो तेवढा झोंबत नाही. त्या प्रांतातल्या लोकांच्या दहा विचित्र गोष्टी सांगणारी एक लोकोक्ती आहे. नूडल्स कमरपट्ट्याएवढ्या रुंद, वाडगा आणि घमेले यांत फरक करता येत नाही, तेल ओतलेले तिखट हीच तिथली एक भाजी, आणि स्टूल असले तरी बसायचे उकिडवेच: या चार गोष्टी त्याच यादीतल्या आहेत आणि त्या चारही मी त्या बोळात रोज पाहिल्या. दाराबाहेर पायरीवर उकिडवे बसून, घमेल्याएवढा वाडगा एका हातात तोलून जेवणारे बांधकामावरचे मजूर पाहिले की मला बांधावर बसून भाकरी खाणारी माणसे आठवत.

पहिला घास मी चुकीच्या अपेक्षेने घेतला. मी तिखटाची आणि लसणाची वाट पाहत होते आणि ते आलेही, पण त्यांच्यामागून जे आले त्यासाठी मी तयार नव्हते. ती पट्टी दाताखाली लगेच तुटली नाही. तिने थोडा विरोध केला, मग सोडून दिले, आणि चावता चावता तिच्यातून गव्हाची स्वच्छ, किंचित गोडसर चव उतरली. कडेला ती पातळ आणि लुसलुशीत होती, मध्ये जाड आणि चिवट होती, म्हणजे एकाच पट्टीत दोन-तीन प्रकारचे घास होते. या गुणाला चिनी भाषेत ‘जिनदाओ’ असा शब्द आहे आणि तो तिथे सर्वांच्या तोंडी असतो. मराठीत आपण ‘चिवट’ म्हणालो तर ती तक्रार होते. ‘जिनदाओ’ ही शाबासकी आहे. कणकेत जीव आहे, स्नायू आहे, असे काहीसे त्यातून सुचवले जाते.

हळूहळू माझ्या लक्षात आले की ‘म्येन’ या शब्दाचा अर्थ फक्त नूडल्स असा नाही. पिठालाही म्येन म्हणतात, मळलेल्या कणकेलाही म्येन आणि वाडग्यात वाढलेल्या पदार्थालाही म्येन. एकच शब्द पोत्यापासून ताटापर्यंत सोबत चालतो, जणू मधल्या सगळ्या प्रवासात वस्तू बदललेलीच नाही. आपल्याकडे गहू दळला की पीठ, भिजवले की कणीक, तोडली की उंडा, लाटली की पोळी, आणि प्रत्येक टप्प्यावर जुने नाव मागे पडते. मला दोन्ही रीती सुंदर वाटतात, पण त्यांच्या एका शब्दात एक आग्रह आहे: वाडग्यात काय आहे असे विचारले तर उत्तर एकच, पीठ. बाकी सगळे त्याच्या सोबतीला आलेले.

आणि कणकेला थोडा वेळ झाकून ठेवण्याला त्यांच्याकडे ‘शिंग म्येन’ म्हणतात. शिंग म्हणजे जागे होणे. आपली कणीक मुरते, त्यांची जागी होते. मागचे शास्त्र अर्थात एकच आहे. गव्हातल्या ग्लायडिन आणि ग्लुटेनिन या दोन प्रथिनांना पाणी मिळाले की ती एकमेकांत गुंतून ग्लुटेनची जाळी विणतात. ग्लायडिनमुळे कणीक ताणली जाते, ग्लुटेनिनमुळे ती मागे ओढ घेते, मिठाने जाळी घट्ट होते आणि विश्रांतीने तिच्यातला ताण सैलावतो. मळल्या मळल्या उंडा ओढायला गेले तर तो आखडतो किंवा तुटतो. तासाभराने तोच उंडा हातात आपणहून लांबतो. बाई कणीक तीनदा मळत आणि तीनदा झाकून ठेवत. पहाटे पाच वाजता भिजवलेले पीठ अकरा वाजता फळीवर येई. मळून झाल्यावर तीन गोष्टी लख्ख दिसायला हव्यात, असे त्यांनी मला एकदा बोटांवर मोजून सांगितले: कणीक, परात आणि हात. तिन्हींपैकी कशालाही पीठ चिकटलेले दिसले तर मळणारी अजून शिकते आहे.

एव्हाना मी त्यांना ‘दाज्ये’ म्हणू लागले होते, म्हणजे ताई.

त्यांच्या टेबलावरच्या लसणाचे कोडे मला पहिल्या आठवड्यात सुटले नव्हते. शेजारी बसलेल्या एका आजोबांनी माझ्यासमोर दोन पाकळ्या सोलून ठेवल्या आणि एक ओळ म्हणून दाखवली: नूडल्सबरोबर लसूण खाल्ला नाही तर निम्मी चव वाया. एक घास पट्टीचा, एक कुरतडा कच्च्या लसणाचा. भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा खाणाऱ्या मुलुखातल्या माणसाला हे शिकवावे लागले नाही. जेवण संपत आले की दाज्ये न विचारता एका वाटीत पातेल्यातले पांढुरके, गढूळ पाणी आणून ठेवत. हे नूडल्स उकळलेले पाणीच असे, मीठ-मसाला काही नाही. त्यालाही एक म्हण आहे आणि तिचा आशय असा की ज्या पाण्यात अन्न शिजले, तेच पाणी ते अन्न पचवते. थंडीत ती गरम वाटी दोन्ही हातांत धरून मी बसे आणि आजारपणात आई देत असे त्या भाताच्या पेजेची चव जिभेवर येई. पिठूळ, निर्मळ, काहीही न मागणारी.

डिसेंबरात मी जवळपासच्या इतर खाणावळींतही जाऊ लागले. बोळाच्या दुसऱ्या टोकाला दातोंगकडच्या एका माणसाचे दुकान होते. दातोंग हे शान्शी प्रांतातले. शिआनच्या प्रांताचे नावही परदेशी कानाला शान्शीच ऐकू येते, दोहोंत फरक आहे तो केवळ सुराचा. मधून पीत नदी वाहते आणि दोन्हीकडची माणसे आपापल्या पिठाचा अभिमान बाळगतात. तिथे ‘दाओश्याओ म्येन’ मिळे, म्हणजे सुरीने सोललेले. एवढी घट्ट कणीक मी कुठेच पाहिली नव्हती. उशीएवढा तिचा लांबट गोळा डाव्या हातावर तोलून तो माणूस पातेल्यापासून दोन हात दूर उभा राही आणि वाकवलेल्या पातळ पात्याने वरच्यावर छिलके काढी. छिलके हवेतून उडत थेट उकळत्या पाण्यात पडत. प्रत्येक छिलका विलोच्या पानासारखा, मध्ये जाड आणि कडेला धारदार. त्यावर मांसाचा दाट रस्सा आणि शान्शीचे जुने व्हिनेगर. हे व्हिनेगर प्रामुख्याने ज्वारीपासून करतात, हे कळले तेव्हा मी ती बाटली हातात घेऊन बराच वेळ पाहत होते. आमच्या तापीकाठच्या काळ्या रानात जी उभी असते, तीच ज्वारी इथे आंबून, वर्षानुवर्षे मुरून, काळी, दाट आणि किंचित गोड होऊन बाटलीत उतरली होती.

लान्चौच्या पद्धतीच्या ‘लाम्येन’साठी मी मशिदीच्या बाजूला असलेल्या मुस्लिम वस्तीकडे जात असे. लान्चौ हे शिआनच्या वायव्येला, पीत नदीवर वसलेले शहर. तिथल्या हुई मुस्लिमांनी गोमांसाच्या नितळ रश्शातले हे नूडल्स नावारूपाला आणले आणि मा बाओत्झ नावाच्या खानसाम्याने १९१५ साली त्यांना आजचे रूप दिले, असे सांगितले जाते. चांगल्या वाडग्याची पाच लक्षणे तिथले पोरही सांगते: रस्सा नितळ, मुळा पांढरा, तिखटाचे तेल लाल, कोथिंबीर आणि लसणाची पात हिरवी, आणि नूडल्स पिवळसर. ही पिवळी झाक क्षारामुळे येते. पूर्वी वाळवंटी झुडपे जाळून त्यांच्या राखेतून हा क्षार काढत आणि कणकेत मिसळत, त्यामुळे तिला इतका ताण सोसता येतो. पापडात पापडखार घालणाऱ्या घरांना हे सांगायला नको. तिथला कारागीर गोळा ओढतो, दुमडतो, पुन्हा ओढतो. एकाचे दोन, दोनाचे चार, आणि आठव्या दुमडीला त्याच्या बोटांत दोनशे छप्पन्न धागे लोंबत असतात. एकाच गोळ्यातून केसासारखे बारीक, लसणाच्या पातीएवढे चपटे, बोटभर रुंद किंवा तीन धारांचे, गिऱ्हाईक मागेल तसे. जादूसारखे दिसत असले तरी मला ते पाहताना जादूची आठवण कधी झाली नाही. मला दिसे ती कारागिराच्या खांद्यांची मेहनत. दुपारी दीडला त्याच्या पाठीवरचा सदरा घामाने चिकटलेला असे आणि दारात तरीही रांग असे.

बीजिंगला दोन दिवस गेले होते तेव्हा ‘झाज्यांग म्येन’ खाल्ले. आंबवलेल्या सोयाबीनचा परतलेला काळपट गोळा, वर काकडी, मुळा आणि मोड यांच्या बारीक सळया. चविष्ट होते, खारट होते. मला शिआनला परत जायचे होते.

पण ज्या पदार्थाने मला सर्वांत जास्त चकित केले तो ‘ल्यांगपी’. तो थंड खातात, रस्त्यावर कुठेही मिळतो आणि मी तो दोन महिने तांदळाचा समजून खात होते. तांदळाचा प्रकारही तिथे असतोच. पण दाज्येंच्या खाणावळीतला गव्हाचा होता आणि तो कसा होतो ते एका सकाळी मला दिसले. त्या मळलेला गोळा पाण्याने भरलेल्या तसराळ्यात बुडवून कपडे चुबकावेत तसा चुबकत होत्या. पाणी दुधासारखे पांढरे होई, ते गाळून बाजूला ठेवायचे आणि नवे पाणी घ्यायचे. पाचव्या-सहाव्या पाण्याला हातात उरला तो पिवळट, रबरासारखा एक छोटा गोळा, म्हणजे निव्वळ ग्लुटेन. पांढरे पाणी रात्रभर निवळले की तळाशी सत्त्व बसते, वरचे पाणी ओतून देतात आणि त्या सत्त्वाचे पातळ थर थाळ्यात वाफवतात. मी मोठ्याने म्हणाले, “हा तर चीक!” अर्थातच त्यांना ते कळले नाही.

आमच्याकडे फाल्गुन-चैत्रात कुरडयांचे गहू भिजत पडतात. तीन दिवस, रोज पाणी बदलून. मग वाटायचे, गाळायचे, चीक रात्रभर निवळू द्यायचा, सकाळी वरचे लालसर पाणी काढून टाकायचे आणि चुलीवर घाटत शिजवायचा. शिजलेला गरम चीक वाटीत घेऊन, त्यावर तेल-तिखट घालून खायला आम्ही मुले पाटाभोवती बसत असू आणि आजी ओरडत असे की सगळा चीक खाल्लात तर गच्चीवर काय वाळत घालू. चिनी ल्यांगपीवर व्हिनेगर, लसणाचे पाणी आणि तिखटाचे तेल घालतात. म्हणजे आमच्या पाटाभोवतीच्या वाटीत आणि त्या ताटलीत फारसे अंतर नाही. उरलेले ग्लुटेनही तिथे टाकत नाहीत, ते वाफवून त्याचे जाळीदार तुकडे करतात आणि ल्यांगपीवरच घालतात. आपण चोथ्याच्या भुसवड्या करतो. गहू पिकवणाऱ्या दोन दूरच्या मुलुखांतल्या बायकांनी, एकमेकींना कधीही न पाहता, धान्य पाण्यात धुऊन त्याचे दोन भाग करायचे आणि दोन्ही भाग खायचे असे ठरवले. मला ही गोष्ट विलक्षण वाटते. कुठल्याही राजदूताला जमणार नाही इतकी जवळीक तिच्यात आहे.

गहू मुळात तिथला नव्हे, तो पश्चिमेकडून गेला, चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी. त्याआधी उत्तर चीनचे धान्य राळे आणि त्याची भावंडे. छिंगहाय प्रांतातल्या लाजिया इथे, भूकंपात आणि पुरात गाडल्या गेलेल्या एका वस्तीत उपडा पडलेला मातीचा वाडगा उत्खननात सापडला आणि त्याखाली सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे पिवळे धागे होते. त्यावरचा निबंध ‘नेचर’ या नियतकालिकात २००५ साली आला. ते धागे भरड धान्यांचे होते असा त्यात निष्कर्ष होता. ग्लुटेन नसलेल्या पिठाचे एवढे लांब धागे होतील का, यावर पुढे बराच वाद झाला. मला त्या वादापेक्षा तो उपडा वाडगा आठवत राहतो. कुणाचे तरी जेवण राहून गेले होते. पुढे दळणाची जाती घरोघर पोहोचली, गव्हाचे पीठ होऊ लागले आणि सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान राजवटीच्या काळात पिठाच्या सगळ्याच पदार्थांना ‘बिंग’ म्हणत. आज बिंग म्हणजे पोळी-भाकरीसारखा चपटा प्रकार. आणि नूडल्सचे पूर्वज तेव्हा ‘तांगबिंग’ म्हणवले जात, म्हणजे रश्शातली पोळी. आपल्या वरणफळांचे, चकोल्यांचे याहून नेमके वर्णन मराठीतही कुणी केले नसेल.

दाज्येंच्या आणि माझ्या आईच्या ओळखीला फेब्रुवारीत सुरुवात झाली. एका दुपारी गर्दी ओसरल्यावर मी त्यांच्या परवानगीने पट्टी ताणतानाचे चित्रीकरण केले आणि जळगावला पाठवले. आईचा लगेच फोन आला. ती कौतुक करेल असे मला वाटले होते, पण तिने आधी प्रश्न विचारले.

“उंड्यांना तेल लावून ठेवलंय का गं त्यांनी?”

“हो.”

“किती वेळ?”

मी दाज्येंना विचारले. त्या म्हणाल्या, हिवाळ्यात दोन तास, उन्हाळ्यात तासभर. आणि त्यांनी उलट विचारले की तुझ्या आईला हे कसे ठाऊक?

मग मला मांड्यांबद्दल सांगावे लागले. आमच्या खानदेशात आखाजीला पुरणाचे मांडे होतात. गव्हाचे सपीट पाणी लावत लावत इतके तिंबायचे की कणकेला तार सुटली पाहिजे. दोन पाऱ्यांत पुरण भरून कडा मिटवायच्या, थोडे लाटायचे, आणि मग पोलपाट सोडून ती पोळी दोन्ही हातांवर घ्यायची. मनगटापासून कोपरापर्यंत हात फिरवत, तिला एका हातावरून दुसऱ्यावर झेलत ती पसरू द्यायची आणि हातभर झाली की चुलीवर पालथ्या घातलेल्या तापलेल्या खापरावर अलगद टाकायची. आत पुरण असते, म्हणून जरा जोर झाला की फाटते. माझ्या आजीचा मांडा कधी फाटला नाही. आईचा तरुणपणी फाटत असे, आता फाटत नाही. माझ्या पिढीत घरात कुणालाच येत नाही, आणि हे दाज्येंना सांगताना मला जे वाटले ते मी इथेही लिहिते: मला वाईट वाटले. त्या बोळात बारा युआनला, कुठल्याही मंगळवारी, कुणाही मजुराला ताज्या ताणलेल्या कणकेचा वाडगा मिळत होता. आमच्याकडे हातांचे तेवढेच मोठे कसब वर्षाच्या एका सणाला आणि दोन-चार वयस्क बायकांच्या मनगटांत उरले आहे. ते दिसत नाही, विकले जात नाही, आणि म्हणून ते कसब आहे असे आम्ही फारसे म्हणतही नाही.

दाज्येंनी मलाही फळीपाशी उभे केले. पहिला उंडा मधोमध तुटला. दुसरा एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला कागदासारखा झाला. त्यांनी माझे हात धरून सांगितले की ओढू नकोस, हात नुसते दूर ने आणि वजनाला काम करू दे, फळीवर आपटते ती कणीक आहे, तुझे दंड नव्हेत. मार्चअखेरीस माझी पट्टी अखंड पाण्यात गेली. त्या दिवशी तो आवाज माझ्या हातून निघाला आणि मला पहिल्यांदा कळले की तो आवाज डोळे मिटूनही तपासता येतो. कणीक कच्ची असेल तर तो फटकन येतो, जागी झालेली असेल तर खोल आणि गोल येतो.

आखाजीला आईने चित्रफीत पाठवली. मागे शेजारच्या काकूंचे बोलणे, आमरसाचे पातेले, खापराखालचा धूर आणि आईचे दोन हात. दुपारचे तीन वाजले होते. खाणावळीत एकच गिऱ्हाईक होते. दाज्येंनी पिठाचे हात पुसून फोन घेतला, तीनदा पाहिले, तिसऱ्यांदा मांडा कोपराजवळ आला तिथे थांबवून पाहिले. “जिनदाओ,” त्या म्हणाल्या. मग फोन माझ्याकडे देऊन त्यांनी परातीतला एक उंडा उचलला, लाटण्याने थोडा पसरला, दोन्ही मुठींच्या पाठीवर घेतला आणि आई करत होती तसे हात एकमेकांवरून फिरवू लागल्या. पोळी वाढत गेली, त्यांच्या मनगटांवरून खाली उतरली, कोपराकडे पातळ होत गेली, उजेड तिच्यातून आरपार दिसू लागला. आणि कडेला फाटली.

त्यांनी ती गोळा करून पुन्हा मळली, तेल लावले आणि झाकून ठेवली. तासाभराने तिच्याच पट्ट्या झाल्या. त्या मी खाल्ल्या.